गाइड उघडायच्या आधी

पोरी, एम.ए.ला इंग्रजी घेतलंस, आणि तेही पुणे विद्यापीठाच्या कॅम्पसवर, हे तुझ्या आईनं सांगितल्यापासून तुला काय काय सांगायचं याची माझ्या मनात जुळवाजुळव चालली आहे. फोनवर एवढं बोलणं होत नाही, म्हणून लिहून पाठवते. मी हाच विषय तिथेच शिकले आणि पुढे तालुक्याच्या कॉलेजात तोच शिकवला. मराठी माध्यमातून आलेली मुलं कुठे अडतात आणि कुठे उगाच मागच्या बाकावर जाऊन बसतात, ते मी फार जवळून पाहिलं आहे. तू मागे बसू नयेस, म्हणून हे सगळं.

पहिली गोष्ट, आणि बाकी सगळं विसरलीस तरी ही लक्षात ठेव. पुस्तकाचं पहिलं वाचन तुझं स्वतःचं असू दे. आधी गाइड नको, यूट्यूबवरचा सारांश नको, सिनिअर मुलींच्या झेरॉक्स नोट्स नकोत आणि मोबाइलवरच्या चॅटबॉटला विचारणंही नको. ते सगळं नंतर खुशाल वापर. पण एकदा का कुणी सांगितलं की ही कविता मृत्यूविषयी आहे, की मग आपल्याला तिच्यात मृत्यूच दिसत राहतो. तिच्यातला वारा, तिच्यातली चिडचिड, मधेच आलेली गंमत नजरेतून निसटते. पहिलं वाचन एकदाच मिळतं, ते दुसऱ्याच्या हाती देऊ नकोस.

केंब्रिजला आय. ए. रिचर्ड्स नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी विद्यार्थ्यांना 13 कविता दिल्या, कवीचं नाव झाकून, आणि त्यांवर मोकळेपणानं लिहून आणायला सांगितलं. बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी. तरी कितीतरी जणांना कवितेचा सरळ अर्थसुद्धा लागला नव्हता, आणि नावाजलेल्या कवींच्या कवितांना त्यांनी बिनदिक्कत नावं ठेवली होती. 1929 साली रिचर्ड्सनी हे सगळं 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या पुस्तकात मांडलं. तुला हे मुद्दाम सांगते. वर्गात कॉन्व्हेंटच्या मुली भराभर बोलायला लागल्या की वाटतं, यांना कविता कळते आणि मला कळत नाही. बोलण्याचा वेग आणि कवितेची समज यांचा तसा काही संबंध नाही. समज हळू वाचणाऱ्याला येते. तुला सुरुवातीला हळूच वाचावं लागेल, आणि तेच तुझ्या कामी येईल.

कविता हाती आली की आधी मोठ्यानं वाच. होस्टेलच्या खोलीत संकोच वाटत असेल तर कॅम्पसवर झाडांना तोटा नाही, एखाद्या झाडाखाली जाऊन बस. शब्द अडला तरी थांबू नकोस, शेवटपर्यंत जा. मग पेन्सिल घेऊन पुन्हा वाच. कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, वाक्य ओळीच्या टोकाला संपतंय की पुढच्या ओळीत वाहत जातंय, सूर कुठे बदलतो, एवढंच पाहा. शब्दकोश त्यानंतर. आणि कोश मोठा ऑक्सफर्डचा घे, ग्रंथालयात बसून पाहा. कोणत्या शतकात शब्द कोणत्या अर्थानं वापरला जात होता हे त्यात उदाहरणांसकट दिलेलं असतं. चारशे वर्षांपूर्वीच्या ओळीला आजचा अर्थ लावला की सगळी कविताच भलतीकडे जाते.

छंदाचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथे आपली मुलं सर्वांत जास्त बिचकतात आणि व्याख्या पाठ करून मोकळी होतात. आपली वृत्तं लघु-गुरूंवर चालतात, म्हणजे अक्षर उच्चारायला किती वेळ लागतो यावर. इंग्रजी छंद आघातावर चालतो, म्हणजे जोर कुठे पडतो यावर. आपला कान मात्रा मोजायला जातो आणि हिशेब लागत नाही. म्हणून मात्रा सोड आणि टेबलावर बोटानं ठेका धर. शेक्सपिअर, मिल्टन, वर्ड्सवर्थ यांच्या लिखाणात सारखी भेटणारी ओळ आहे ती पाच आघातांची, साधारण दहा अक्षरांची. तिला आयंबिक पेंटामीटर म्हणतात हे तुला ठाऊक असेलच, पण नाव ठाऊक असणं पुरेसं नाही, ठेका अंगात उतरायला हवा. त्यासाठी लिब्रिव्हॉक्सवर जा. तिथे स्वयंसेवकांनी वाचलेली जुनी पुस्तकं आणि कविता फुकट ऐकायला मिळतात. मजकूर समोर ठेवून ऐक. ठेका चांगला लागला की मग एखाद्या ओळीत तो मोडलेला तुला आपोआप ऐकू येईल. तिथे थांब आणि विचार कर, की कवीनं इथेच का मोडला? वर्गात सांगण्यासारखं पहिलं स्वतःचं निरीक्षण तुला तिथेच सापडेल. शेक्सपिअरची 154 सुनीतं आहेत, त्यांतली आवडतील तेवढी पाठ कर. तुझ्या आजीला हरिपाठ पाठ होता, तुला हे जड जाणार नाही.

आता मराठीबद्दल. देवळाबाहेर चपला काढून ठेवतात तशी मराठी वर्गाच्या दाराशी ठेवून आत जाऊ नकोस. ती तुझ्याजवळचं सर्वांत चांगलं अवजार आहे. शेक्सपिअर आपल्याकडे आला त्याला दीडशे वर्षं उलटून गेली. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 1867 साली 'ऑथेल्लो' मराठीत आणलं. आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं. देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिलं, वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी 'टेमिंग ऑफ द श्रू'ची 'त्राटिका' केली. शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'चं 'राजमुकुट' केलं, आणि 1970 साली आलेल्या त्यांच्या 'नटसम्राट'वर 'लिअर'ची सावली आहे हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. विंदा करंदीकरांनी 'राजा लिअर' केलं, ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्रही मराठीत आणलं. विंदा इंग्रजीचे प्राध्यापक होते. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत. नेमाडे इंग्रजीचे, विलास सारंग इंग्रजीचे, गौरी देशपांडे इंग्रजीच्या. मराठीतली इतकी मोठी माणसं या विषयातून गेली आणि मराठीत लिहिती राहिली. तू एकटी या वाटेवर नाहीस.

यातून एक अभ्यास करायचा. 'किंग लिअर'मधलं वादळातलं कुठलंही एक भाषण घे आणि आधी स्वतः मराठीत उतरव. चांगलं व्हायला पाहिजे असं नाही. भाषांतर करताना एकही शब्द चुकवून पुढे जाता येत नाही, म्हणून त्याच्याइतकं बारकाईचं वाचन दुसरं नाही. मग विंदांचं उघड आणि शेजारी ठेव. त्यांनी कुठे तुझ्यासारखंच केलं, कुठे वेगळी वाट धरली आणि का, हे वहीत लिही. असं एक भाषण केलंस की त्या नाटकावर कुठलाही प्रश्न आला तरी तुझ्याकडे सांगायला स्वतःचं काही असेल.

'लिअर'चा विषय निघालाच आहे तर आवृत्तीचंही सांगून टाकते. हे नाटक 1608 च्या क्वार्टोत एका रूपात आहे आणि 1623 च्या फोलिओत दुसऱ्या. वेडा झालेला राजा आपल्या मुलींवर खोटा खटला चालवतो तो प्रसंग फोलिओत नाहीच. आजच्या बऱ्याच प्रतींमध्ये दोन्ही पाठ एकत्र केलेले असतात. मिल्टनचं 'पॅराडाइज लॉस्ट' 1667 साली दहा सर्गांचं होतं, 1674 साली ते बारा सर्गांचं झालं. वर्ड्सवर्थचं 'प्रेल्यूड' त्याच्या मृत्यूनंतर 1850 साली छापलं गेलं, पण 1805 चा त्याचा आधीचा खर्डा वेगळा आहे आणि अनेकांना तोच जास्त आवडतो. तेव्हा हातातली प्रत कोणती, संपादक कोण, हे पहिल्या पानावरच पाहायची सवय लाव. शेक्सपिअरसाठी आर्डेन किंवा ऑक्सफर्डची टिपांसह प्रत घे. नवी महाग असते. अप्पा बळवंत चौकात जुनी मिळते का बघ, ग्रंथालयात तर असेलच. टिपा आधी वाचू नकोस, अडल्यावर वाच.

जाड कादंबरीला घाबरायचं नाही. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' हे पुस्तक डिकन्सनं 1860 च्या डिसेंबरपासून 1861 च्या ऑगस्टपर्यंत स्वतःच्या साप्ताहिकात 36 हप्त्यांत छापलं. लोक आठवडाभर वाट पाहून एकदोन प्रकरणं वाचत. आपल्या हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' अशीच 'करमणूक'मधून हप्त्याहप्त्यानं आली. तूही जाड कादंबरी तशीच वाच. रोज रात्री दोन प्रकरणं, आणि प्रत्येक प्रकरणानंतर वहीत चारच ओळी: काय घडलं, कोण बदललं, कुठली वस्तू किंवा जागा पुन्हा आली. महिन्याभरात कादंबरी संपते आणि नोट्स आपोआप तयार होतात. त्या नोट्स तुझ्या असतात, परीक्षेत त्याच आठवतात.

अभ्यासक्रमात अरुण कोलटकरांची 'जेजुरी' असेल तर त्यासाठी एक रविवार राखून ठेव. 1976 साली आलेलं हे पुस्तक, पुढच्याच वर्षी त्याला कॉमनवेल्थचं काव्य पारितोषिक मिळालं. जगभरातले विद्यार्थी ते दुरून वाचतात, तुला मात्र पुण्याहून सकाळी एसटीनं निघून संध्याकाळी परत येता येतं. आधी कविता वाचून जा, गडावर बसून पुन्हा वाच, भंडारा, पायऱ्या, पडकी देवळं डोळ्यांनी बघ. सोमवती अमावास्येची गर्दी मात्र टाळ. परत आल्यावर कोलटकरांच्या मराठी कविताही वाच, 'भिजकी वही' तरी नक्की. एकाच माणसाच्या दोन भाषांतल्या कविता मुळातून वाचण्याचं भाग्य फार थोड्या विद्यार्थ्यांना मिळतं.

हा विषय आपल्याकडे आला कसा, तेही समजून घे. मेकॉलेचं टिपण 1835 चं. गौरी विश्वनाथन यांचं 'मास्क्स ऑफ काँक्वेस्ट' हे 1989 मधलं पुस्तक सांगतं, की खुद्द इंग्लंडमध्ये इंग्रजी साहित्य हा शिकवण्याचा विषय म्हणून रुळण्याच्या आधीच तो हिंदुस्थानात शिकवला जात होता, आणि त्यामागे राज्यकर्त्यांचे हेतू होते. ही गोष्ट मनात ठेवून वाचणं वेगळं आणि न ठेवता वाचणं वेगळं. पण तिची दुसरी बाजूही आहे. तुझ्या विद्यापीठाला 2014 पासून ज्या बाईंचं नाव आहे, त्या सावित्रीबाईंच्या 1854 च्या 'काव्यफुले' संग्रहात इंग्रजी शिका असा कळकळीचा आग्रह आहे. ज्यांना संस्कृत विद्येची दारं बंद होती त्यांना इंग्रजीत मोकळी वाट दिसली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. सेमिनारमध्ये कुणी एकच बाजू लावून धरली तर दुसरी तू मांड.

थिअरीच्या पेपरला मुलं उगीच हबकतात. डेरिडा, फूको ही नावं ऐकून पोटात गोळा येतो. सुरुवात पीटर बॅरींच्या 'बिगिनिंग थिअरी'नं कर, सोपं आणि प्रामाणिक पुस्तक आहे. संज्ञा अडल्या तर एम. एच. एब्रम्स यांची 'ग्लॉसरी' जवळ ठेव. मग मूळ निबंध, एकावेळी एक. प्रत्येक परिच्छेदाशेजारी मराठीत एक वाक्य लिही: इथे हा माणूस काय म्हणतोय? मराठीत लिहिता आलं नाही तर समजलेलं नाही, परत वाच. माझ्या विद्यार्थ्यांना हा उपाय हमखास लागू पडला.

जयकर ग्रंथालय ही तुझी खरी जागा. विद्यापीठ 1949 चं, पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर, त्यांचं नाव तिथे आहे. वाचनकक्षात स्पर्धा परीक्षांची मुलंमुली सकाळपासून जागा धरून असतात, म्हणून लवकर जा. पण कक्षात बसून स्वतःचंच पुस्तक वाचत राहू नकोस, पुस्तकांच्या मांडण्यांपाशी जा. हवं ते पुस्तक काढताना त्याच्या डावी-उजवीकडची दोन पुस्तकं उघडून बघ. संगणकावर शोधून जे सापडलं नसतं ते असं सापडतं. ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांशी आदरानं बोल, कोणतं पुस्तक कुठे सरकलंय हे त्यांनाच ठाऊक असतं. परदेशी नियतकालिकांतले लेख विद्यापीठाच्या वर्गणीतून मोफत वाचता येतात, त्यासाठीचं लॉगिन पहिल्याच महिन्यात करून घे. कुठल्या विषयावर देशात काय संशोधन झालंय ते 'शोधगंगा'वर प्रबंध उघडून पाहता येतं.

एवढ्या मोठ्या विद्यापीठात तू आलीस की नाही, वाचलंस की नाही, हे कुणी विचारत नाही. सगळं आहे, पण कुणी आणून वाढत नाही, आपण उठून मागावं लागतं. सर-मॅडमना तास संपल्यावर भेट, पण 'मॅडम, ही कविता समजली नाही' असं म्हणून जाऊ नकोस. 'मॅडम, या ओळीत हा शब्द दोनदा आलाय, दुसऱ्यांदा सूर वेगळा वाटतो, मी बरोबर ऐकतेय का?' असं विचार. असा प्रश्न घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला कुठलाही शिक्षक परत पाठवत नाही, हे मी खुर्चीच्या या बाजूनं सांगते. इंग्रजीत बोलताना वाक्य अडलं तर मराठीत पूर्ण कर आणि लगेच इंग्रजीत पुन्हा म्हण. थांबून गप्प बसण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. चारपाच जणींचा गट कर, आठवड्यातून एकदा पात्रं वाटून घेऊन नाटक मोठ्यानं वाचा. कॅम्पसवर ललित कला केंद्र आहे, तिथल्या मुलांचे प्रयोग चुकवू नकोस. नाटक हे उभं राहून करायची गोष्ट आहे, हे तिथे दिसतं.

उत्तर लिहिताना कवीचा जन्म, त्याचं गाव, त्याची पुस्तकं यांत पान घालवू नकोस. पहिल्याच परिच्छेदात तुझं म्हणणं मांड, आणि लगेच मूळ संहितेतली जागा दाखव. प्रत्येक मोठ्या विधानामागे एक नेमकी जागा हवी. वाक्यं छोटी लिही. जड शब्द वापरले की गुण मिळतात, हा समज होस्टेलमध्ये फार पसरलेला असतो, त्याच्या नादी लागू नकोस. असाइनमेंटमध्ये दुसऱ्याचं वाक्य घेतलंस तर अवतरणात टाक आणि नाव लिही, त्यात कमीपणा काहीच नाही.

पैशाचं आईला सगळं विचारत बसू नकोस, पण अंगावरही काढू नकोस. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज सुरू झाल्या झाल्या भर. उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तर जातवैधता या कागदांना सरकारी कचेऱ्यांच्या चकरा लागतात, ते दिवाळीत घरी येशील तेव्हाच करून घे. विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजना आहे, तिची चौकशी कर. तिथे काम करणारी मुलं वेळ जपून वापरायला शिकतात. रिफेक्टरीतलं जेवण रोज आवडेल असं नाही, पण जेवण टाळू नकोस.

राहिलं नेट-सेटचं. शिकवायचं असेल तर ती दारातली परीक्षा आहे. दोन पेपर, एकूण 150 प्रश्न, 300 गुण, तीन तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. महाराष्ट्रातली सेट तुझंच विद्यापीठ घेतं. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असतानाही बसता येतं. यूजीसीच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमाचे दहा घटक छापून भिंतीवर लाव. नाटक, काव्य, कादंबरी तुझ्या वर्गातच होतील, भारतातलं इंग्रजी आणि संशोधनपद्धती मात्र राहून जातात, ते घटक स्वतः बघ. सनावळ्यांचा एक लांब कागद कर: एका बाजूला पुस्तकं, दुसऱ्या बाजूला त्याच वर्षी जगात आणि आपल्या इथे काय चाललं होतं ते. 1922 समोर 'युलिसिस' आणि 'द वेस्ट लँड' ही दोन्ही एकाच ओळीत आली की ते वर्ष पुन्हा पाठ करावं लागत नाही. पेपर एकला मुलं कमी लेखतात आणि तिथेच गुण जातात, त्याला रोज अर्धा तास दे. सेटची जाहिरात निघाली की मला कळव. जुन्या प्रश्नपत्रिका मी वर्षवार लावून ठेवल्या आहेत, एसटीच्या पार्सलनं पाठवून देते.